आवाज माझा, अपराध कुणाचा?

या मित्रांनो, जवळ सरकून बसा. दाराशी रेंगाळणाऱ्यांनो, तुम्हीही आत या, जागा पुष्कळ आहे. आज मी तुम्हाला एका अन्यायाची गोष्ट सांगणार आहे, आणि देवाशपथ, पदरचं एक अक्षर त्यात घालणार नाही.

मी एक जुना पंखा आहे. छताला लटकून ऐटीत गरगरणारा नव्हे, संगणकाच्या पेटीत बसणारा, जेमतेम तळहाताएवढा. प्रोसेसर म्हणजे संगणकाचं विचार करणारं डोकं. ते विचार करतं आणि तापतं. त्याच्यावर धातूच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात, ती उष्णता त्यांत चढते, आणि मी वारा घालून तिला हुसकावतो. विचार त्याचा, कौतुक त्याचं, धाप माझी! पण देवाने सेवेसाठी घडवलंय म्हटल्यावर कुरकुर कशाला, असं मी म्हणायचो. पहिली चार-पाच वर्षं माझा आवाज कुणाच्या कानावरही गेला नाही.

ज्या घरात मी होतो तिथले आजोबा गात गात प्रवचन सांगायचे. लोक लांबून ऐकायला यायचे म्हणे. म्हणे, कारण मी पेटीतला कैदी, मला कुठून कळणार? मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "गुरुवारी शस्त्रक्रिया. जीव वाचेल, आवाजाची आशा धरू नका."

घर सुन्न झालं. आजोबाच आधी सावरले. "चार दिवस आहेत ना? मग एक प्रवचन नीट जपून ठेवू या," म्हणाले. मोबाइलवर घेतलेलं त्यांना रुचलं नाही. डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं म्हणाले. म्हणून बाबांनी, म्हणजे त्यांच्या मुलाने, कुठूनतरी चांगला मायक्रोफोन मागून आणला. त्याची तार मात्र हातभर, त्यामुळे आजोबांना संगणकाशेजारीच बसावं लागलं.

आजोबा अर्धा तास गायले. बाबांनी ते परत लावलं, तर सगळ्या गाण्यावर माझी घर्रर्र!

"हा पंखा आहे की पिठाची गिरणी?" बाबा ओरडले.

खोटं कशाला बोलू, माझा आवाज वाढला होता. पण का वाढला, हे विचारलं कुणी? छे! बाबांनी काय करावं? मला गप्प करायला अख्खी पेटीच टेबलाखालच्या कपाटात ढकलली आणि दार लावून घेतलं. वर दाराला जाड चादर!

मित्रांनो, तुमचं नाक दाबलं आणि वर पळायला लावलं, तर तुम्ही हळू श्वास घ्याल का? कपाटातली हवा तापली. तापलेलीच हवा मी पुन्हा पुन्हा ओढत होतो. प्रोसेसर आणखी तापला, आणि मी मिनिटाला अडीच हजार फेऱ्या मारायला लागलो. आवाज दुप्पट झाला. बाबा म्हणाले, "बघा, मुद्दाम करतोय!"

मुद्दाम! ज्याच्यासाठी छातीचा भाता करायचा, त्याच्याकडून हे ऐकायचं!

दुसऱ्या दिवशी बाबा नवा पंखा घेऊन आले. लाल, निळा, हिरवा, रंगीत दिव्यांनी लखलखणारा. खोक्यावर 'अतिशय शांत' असं छापलेलं, झालं, भुलले. माझे चार स्क्रू काढून मला चहाच्या बशीत टाकलं. खाली पट्ट्यांवर धूळ बसलेली दिसली, तर म्हणाले, "असू दे, आतलं नाजूक असतं." आणि त्या धुळीवरच नवरदेवाला चढवून पेटी पुन्हा कपाटात! तासाभरात नवरदेव माझ्यापेक्षा मोठ्याने बोंबलू लागला. मी बशीत पडून ऐकत होतो. हसू नये, पण हसलो.

मंगळवारी आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. शिलाई मशीन दुरुस्त करते. तिने कपाटाचं दार उघडलं, हात आत घातला आणि झटक्यात मागे घेतला.

"अरे, भट्टी लावलीस की काय? तुला या कपाटात कोंडून चादर घातली तर तू गाशील का बोंबलशील?"

"अगं ताई, आवाज बंद व्हावा म्हणून..."

"तोंड दाबून आवाज बंद होतो, श्वास घुसमटून नाही. सरक."

तिने पेटी बाहेर काढून टेबलाखाली मोकळ्या हवेत ठेवली. पंखा उतरवून मशीन साफ करायच्या तिच्या मऊ ब्रशने पट्ट्यांमधून धूळ काढली. चटईच निघाली, अखंड!

"हे काय आहे? माझ्या गिऱ्हाइकांच्या मशीनखालीसुद्धा एवढा चोथा नसतो."

 मग तिने मला बशीतून उचललं, बोटाने फिरवलं, कानाशी धरलं. "याचं बेअरिंग झिजलंय बिचाऱ्याचं. म्हातारा झाला, पण दोष याचा नव्हता." मित्रांनो, तेवढं वाक्य मला पुरलं.

आत्याने गळ्यातल्या टेपने पेटीतली उंची-रुंदी मोजून कागदावर लिहिली. "दिवे बघू नकोस," तिने बाबांना बजावलं. "रुंद पात्याचा आण. मोठं पातं हळू फिरूनही तेवढाच वारा देतं. चार तारांचा आण, म्हणजे काम कमी असताना तो आपणहून मंद होईल. आणि खालच्या पट्ट्याही त्याच्या मापाच्या."

बुधवारी दुपारी तो बसला. साधा, काळा, मुकाट. आजोबा समोर बसले. खोलीत इतकी शांतता, की मला त्यांचा श्वास ऐकू आला. मग ते गाऊ लागले.

आठ वर्षं मी त्या घरात राबलो, आणि आजोबांचा गाता आवाज त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला! तोवर माझ्याच घरघरीत त्यांचं गाणं मला कधी धड ऐकूच आलं नव्हतं. मधे थांबून ते म्हणाले, "बाबांनो, जो आपला भार वाहतो, त्याच्या पाठीवरून एकदा तरी हात फिरवा. तो ओरडेपर्यंत थांबू नका." बाबांनी मान खाली घातली. आत्या खिडकीकडे तोंड करून उभी होती.

माझा राग गेला, असं म्हणणार नाही. पंखा निवडताना नुसता लखलखाट बघणाऱ्यांचा, धूळ न झाडणाऱ्यांचा आणि राबणाऱ्याला कोंडून वर त्यालाच बोल लावणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. तुम्ही तसे होऊ नका.

शस्त्रक्रिया झाली. आजोबा घरी आहेत, पाटीवर लिहून बोलतात. मित्रांनो, मला विसरलात तरी चालेल. पण रात्री देवाचं नाव घ्याल, तेव्हा आमच्या आजोबांची आठवण काढा. गळ्यात होतं तोवर सगळं त्यांनी दुसऱ्यांना देऊन टाकलं.