गवताला निघालेला कोयता

जत्रेच्या दिवशी पुस्तक उघडून बसणारी माणसं जगात फार नसतील, पण त्यातली एक आमच्या बुगनाय गावात होती. मारिफे तिचं नाव. शहरातल्या कॉलेजातून गुन्हेगारीशास्त्र शिकून आली होती. आमच्या बेटावर घरटी एक पोरगी नर्स होते नाहीतर गुन्हेगारीशास्त्राला जाते. गावात चोर मात्र एकच, आणि तोही आता म्हातारा झालाय. असो. पोलिसात शिरायचं तर सरकारी परीक्षा पास व्हावी लागते, आणि ती जत्रेला लागूनच आली होती. म्हणून बाहेर गावदेव सान इसिद्रोच्या नावानं ढोल बडवले जात असताना ही बया मामाच्या घराच्या बांबूच्या पायरीवर बसून मोठमोठ्यानं घोकत होती.

"माणूस हिंसा का करतो? ताणामुळे. ताण तीन प्रकारचा. एक, जे मिळवलंच पाहिजे असं सगळं जग सांगतं, त्याची वाटच बंद होणे. दोन, जिवाभावाचं काही हिरावलं जाणे. तीन, अपमान, छळ, टोमणे. हा अन्याय आहे असं वाटलं की राग चढतो, आणि त्या रागाला दुसरी वाट मिळाली नाही की..."

घरामागून खर्र खर्र आवाज येत होता. दगडावर पातं घासल्याचा.

मागं तिचा मामा होता, तियो पोंसो. याच मामानं तिला रोज सायकलवर पुढं बसवून शाळेत नेलं होतं, चिखल असला तर खांद्यावर घेऊन. माणूस सोन्यासारखा, पण नशीब पितळेचं. जहाजावर नोकरी लागणार म्हणून गावभर पेढे वाटल्यासारखं सांगून झालं, आणि डॉक्टरनं सांगितलं, तुला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही, घरी जा. गावातल्या ज्याच्या त्याच्या घराला परदेशच्या पगाराचा पक्का स्लॅब पडला. मामाचं छप्पर ताडाच्या पानांचंच राहिलं.

मारिफे घोकता घोकता थांबली. एक नंबर, वाट बंद. तिनं मनात टीक केली.

दोन नंबर? दोन नंबर म्हणजे जनरल. जनरल हा मामाचा कोंबडा. पिसं काय, ऐट काय! मामा त्याला स्वतःच्या ताटातला मासा भरवायचा आणि मामी म्हणायची, पुढच्या जन्मी मी तुझी कोंबडी होते. आदल्या दिवशी झुंजीत तो मेला. मेल्चोरच्या कोंबड्यानं मारला. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याचा, हा आमचा जुना नियम, त्यात काही कुणाचं चुकलं नाही.

चुकलं ते पुढं. मेल्चोर म्हणजे दुबईहून सोन्याचा दात बसवून परत आलेलं पात्र. त्यानं संध्याकाळी मामाला आपल्या अंगणात बोलावलं, "रुसू नकोस, ये, दोन घास खा," म्हणाला. कच्ची पपई घातलेला वाफाळता रस्सा पुढं ठेवला. मामा भला माणूस, बसला. दोन चमचे घशाखाली गेल्यावर मेल्चोरनं विचारलं, "काय, जनरलसाहेब चवीला कसे आहेत?"

अंगण हसून हसून लोळलं. मामाच्या हातातला चमचा तसाच राहिला. तो उठला तर मागून मेल्चोर ओरडला, "पिकोन! पिकोन!" थट्टा ज्याला झेपत नाही, तो पिकोन. आमच्याकडे एक वेळ चोर म्हणा, पण पिकोन म्हणू नका. पिकोन झाला तो हरला, असं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

वर जखमेवर मीठ म्हणजे, जत्रेचं लेचोन, ते अख्खं भाजलेलं डुक्कर, तोडायचा मान वर्षानुवर्षं मामाचा. यंदा समितीनं तो मेल्चोरला दिला. का, तर त्यानं परदेशातून चकचकीत सुऱ्यांचा संच आणलाय. मामाला कुणी कळवलंसुद्धा नाही.

तिन्ही नंबरांवर टीक झाली आणि खर्र खर्र थांबलं.

मामा पुढं आला. अंगावर पांढरा धुतलेला सदरा, केसांना तेल, भांग सरळ. हातात कोयता.

"तियो, कुठं निघालास?"

"गवत कापायला."

आता तुम्हीच सांगा. घरात शेळी नाही, म्हैस नाही, भर जत्रेची दुपार, आणि हा माणूस गवताला भांग पाडून निघालाय! मारिफे उठून उभी राहिली. हात धरावा? रडावं? पण ती पानं नुसती पाठ नव्हती, तिला ती समजलीही होती. आत्ता रस्त्यात भाचीनं अडवलं, चार माणसं जमली, की आणखी एक अपमान. म्हणजे आगीत तेल. आणि संध्याकाळपर्यंत मेल्चोर खड्ड्यात, मामा तुरुंगात, मामी वाऱ्यावर.

"बरं, ये लवकर," ती म्हणाली. मामा रस्त्याला लागला, आणि ही पुस्तक फेकून केळीच्या बागेतून अशी सुटली की चपला तिथंच राहिल्या.

रस्त्याच्या वळणावर लोला बास्योन राहते. गावाची आजी, कानानं अर्धी. शहाळ्यांचा ढीग पुढं घेऊन बसली होती. मारिफे तिच्या कानाशी लागली, "लोला, तियो पोंसो गवताचं नाव सांगून कोयता घेऊन मेल्चोरला मारायला निघालाय!"

"कोण मेलं?"

"अजून कुणी नाही! तू त्याला काम सांग. रागावू नकोस, अडवू नकोस, नुसती हाक मार!"

म्हातारीला अर्धं ऐकू येतं, पण समजतं दुप्पट. तिनं पदर सारखा केल्यासारखा स्कर्ट सारखा केला आणि मामा दिसताच गळा काढला. "अरे पोंसो! देवासारखा आलास रे बाबा! या मुडद्यांनी शहाळी आणून टाकली आणि कोयता कुणाच्या बापाकडं नाही. पाहुणे तहानेनं मरतायत!"

मामा घुटमळला. "लोला, मला जरा..."

"जरा काय? गवत पळून जातंय का?"

म्हातारी गवताचं बोलून बसली! केळीआड मारिफेनं जीभ चावली. पण तोवर मामाच्या हातात एक शहाळं आलं होतं. आणि एकदा मामानं शहाळं हातात घेतलं की बघत राहावं. तीन घाव, टोपी उडाली, पाण्याचा थेंब सांडला नाही. पाहुण्यांतली एक जाडजूड बाई म्हणाली, "अगंबाई, कुठं शिकलात हो?" मामानं पुढचं शहाळं दोनच घावांत फोडलं.

मारिफे पुढं पळाली. वाटेत गोर्यो भेटला, गावचा राखणदार. तिनं घाईत त्यालाही सांगून टाकलं आणि पस्तावली. गड्यानं डोळे पांढरे केले आणि थेट शिट्टी तोंडाला लावली.

"खबरदार वाजवलीस तर!" तिनं शिट्टी दोरीसकट ओढली. "सगळं गाव गोळा करतोस? मग त्याला मागं कसं फिरता येईल?"

"मग काय करू? राखणदार आहे मी!"

"ती जत्रेची बांबूची कमान बघ, कलतीये. बांबू धरून उभा राहा आणि हाक मार."

गोर्यो गेला. कमान काही कलत नव्हती, त्यानं ती मनापासून कलवली. मामा आला तेव्हा हा खाली दबून ओरडत होता, "मानोंग पोंसो! धाव! पाचर मार, नाहीतर माझा चेंदामेंदा होतोय!" मानोंग म्हणजे थोरला भाऊ. गोर्यो मामापेक्षा पाच पावसाळे मोठा, पण जिवावर बेतलं की लहानच व्हावं लागतं. मामानं पाचरी तासल्या, ठोकल्या, कमान नव्हती इतकी ताठ झाली. बँडवाल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मामाचा पांढरा सदरा घामानं अंगाला चिकटला, भांग केव्हाच मोडला होता. मारिफेनं दुरून पाहिलं, त्यानं कोयता उचलला आणि पुन्हा चर्चच्या मैदानाकडंच वळला. ती आडवाटेनं त्याच्या पुढं पळाली.

मैदानात लेचोनच्या टेबलाभोवती ही गर्दी! मधोमध मेल्चोर, हातात चकचकीत सुरी, आणि चेहरा रडवेला. कडकडीत कातडी फुटायच्या ऐवजी त्याच्या सुरीखाली फाटत होती. डुकराच्या पाठीच्या चिंध्या झाल्या होत्या. "अरे डुक्कर तोडतोयस की दाढी करतोयस?" मागून कुणीतरी ओरडलं. "दुबईत वाळू कापायचा तो!" पाद्रीसाहेब रिकामी बशी घेऊन केव्हाचे उभे होते.

मारिफे वाकून त्याच्याजवळ गेली. "तियो पोंसो येतोय. कोयता घेऊन. कालच्या रश्श्यासाठी."

मेल्चोरचा सोन्याचा दातही पांढरा पडला. "पळू का?" मग त्यानं गर्दीकडं पाहिलं आणि पुटपुटला, "सगळ्या गावासमोर? नाही जमायचं मला." त्याची सुरीवरची मूठ आवळली गेली.

अगंबाई, याचंही तेच की, तीन नंबर! मारिफेला एकाच वेळी हसू आणि रडू यायला लागलं. "पळू नका. सुरी खाली ठेवा आणि हाक मारा त्याला. खोटं काही बोलू नका. जे खरं आहे तेच बोला."

गर्दी दुभंगली. मामा आला. त्याचे डोळे पाहून पुढच्या ओळीतले लोक आपोआप मागं सरले. बँडचा कर्णा मध्येच गप्प झाला.

मेल्चोरनं सुरी खाली ठेवली. "मानोंग पोंसो," तो म्हणाला, आणि त्यानं जन्मात पहिल्यांदा मामाला मानोंग म्हटलं. "माझ्याच्यानं होत नाही. कातडीची पार वाट लावली मी. हे काम तुझं होतं. आणि... कालचा प्रकार हलकटपणाचा होता."

मामानं कोयता उचलला. वर, डोक्याच्या वर. मारिफेनं डोळे मिटले.

कर्रर्र!

असा आवाज फक्त कडक भाजलेल्या कातडीचाच येतो. तिनं डोळे उघडले तर लेचोनची मान वेगळी झाली होती आणि कोयता टेबलावर टक्‌टक्‌ नाचत होता. बरगड्या, पाठ, मांड्या, पापुद्र्यासारखी कातडी सारख्या तुकड्यांत बश्यांवर पडत होती. गर्दीनं असा गलका केला की चर्चवरची कबुतरं उडाली. "पोंसो! पोंसो!" पाद्रीसाहेबांनी देवाचं नाव घ्यायच्या आधी तुकडा तोंडात टाकला.

पहिला कान कुणाला द्यायचा, हा तोडणाऱ्याचा अधिकार. मामानं तो कोयत्याच्या टोकावर घेतला आणि मेल्चोरच्या नाकासमोर धरला.

"खा. घाबरू नकोस, हा कुणाच्या ओळखीचा नाही."

गर्दीमागं येऊन थांबलेल्या लोला बास्योनला, इतक्या लांबून, बरोब्बर ऐकू आलं आणि ती पहिली हसली. मग गाव हसलं. मेल्चोरचे कान लाल झाले, आता हा चिडतो की काय! पण त्यानं कान घेतला, चावला, आणि तोंड भरलेलं असतानाच हसत सुटला. त्या रात्रीच्या नाचात दोघं एकमेकांच्या पायावर पाय देत नाचले, आणि मेल्चोरनं आपल्या जिंकलेल्या कोंबड्याचं पुढचं पिल्लू मामाला कबूल केलं.

पण त्याआधी, ऊन उतरताना, मामा विहिरीवर कोयता धूत होता आणि मारिफे पाणी ओतत होती.

"शहाळ्यापाशीच कळलं होतं मला," मामा एकदम म्हणाला. "म्हातारीला गवताचं कुणी सांगितलं? आणि तुझ्या चपला केळीत पडल्यात, घेऊन ये."

मारिफेच्या हातातली बादली कलली. "कळलं होतं? मग थांबलास कशाला?"

मामानं पात्यावरून अंगठा फिरवला. धार पार बोथट झाली होती.

"वर्षभर मला कुणी कामाला हाक मारली नव्हती गं," तो म्हणाला. "आज एकानं जरी 'थांब' म्हटलं असतं ना, तर मी थांबलो नसतो. पण सगळे 'ये' म्हणाले."

मग त्यानं कोयता तिच्या हातात दिला, मूठ तिच्याकडं करून, आणि दोघं जेवायला गेले.