साडेपाच केसांची खाच

काकांना एकच खोड. काम संपलं तरी शेवटचा हात मारल्याशिवाय चैन पडायचं नाही. लेथवर चाळीस वर्षं झिजली, खोड काही झिजली नाही.

पुतणीने प्रयोगशाळेत छाती ठोकून सांगितलं होतं, "खाच माझे काका कापतील." पोलादी पट्टीत, पाच केस शेजारी शेजारी मावतील एवढीच रुंद. वर काच. आत पाणी, पाण्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे मणी, आणि खालून कानाला न ऐकू येणारा आवाज. तो खाचेच्या दोन्ही भिंतींवर आपटला की मधोमध एक शांत जागा होते आणि मणी गुमान तिथे ओळीत येतात. हात लावायला नको. पुढे असंच रक्तातल्या पेशी वेगळ्या करायच्या होत्या.

पण मणी ऐकतील तर शपथ! दोन दिवस पुतणी वायरी उचकत बसलेली. प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, "दुपारपर्यंत बघू. नाहीतर पट्ट्या बाहेरून करून घेऊ."

काका स्टुलावर चुळबुळत होते. खरं सांगावं तर आपलं नाक कापलं जाणार, गप्प बसावं तर पोरीचं.

"किती उकरशील?" ते एकदम खेकसले. "वायरी ठीक आहेत. मीच शेण खाल्लं."

"म्हणजे?"

"भिंती खडबडीत वाटल्या. पॉलिश मारलं. साडेपाच केस झालीय खाच."

"काका! आणि दोन दिवस मूग गिळून बसलात?"

"ओरड नंतर. आता काय करायचं ते सांग."

"करायचं काय! जागा रुंद झाली तर सूर खाली आणायचा." ती फणफणतच बटण फिरवू लागली. हळूहळू. मग थांबली. "काका, इकडे या."

काकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी नुसता शाळा सुटल्यासारखा गोंधळ. मग मणी मध्ये सरकले, एकामागे एक, सरळ रेघ.

मॅडमनी पण वाकून बघितलं. "भिंतीला एकही चिकटला नाही की! अशाच वीस करा. फक्त पॉलिश धरून माप आधी सांगा."

"सांगतो," म्हणत काकांनी डोळा परत लावला.

पुतणीचा राग कधीच उतरला होता. "उठा की आता! वीस पट्ट्या कोण कापणार?"

"थांब गं. एक गडी मागे राहिलाय, त्याला येऊ दे."