कापसाचा खोकला

त्या घरातून बाहेर पडायला एकच वाट होती, आणि ती सासऱ्यांच्या मांडीजवळून जायची.

वर दोन खोल्या, खाली गाद्यांचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं. एक लांब खोली, मधोमध फळ्यांचा बुटका ओटा, कोपऱ्यात कापूस पिंजायचं यंत्र आणि भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या गाद्या. जिना त्या खोलीच्या पोटातूनच वर जायचा. त्याच्या शेवटच्या पायरीला लागून सासरे हातात दाभण घेऊन बसलेले असायचे. पायरी वाजली की मान वर न करता विचारायचे, "कुठे निघालीस, पोरी?" त्या विचारण्यात काडीचाही संशय नसायचा, नुसती माया असायची. संशय असता तर सुनेला निदान भांडता तरी आलं असतं.

कापसाचा बारीक धुरळा घरभर असायचा. कंगव्यात, दुधाच्या सायीवर, पापण्यांवर. त्यामुळे घरात सगळेच खोकायचे आणि खोकल्याला कुणी आजारात धरत नसे. लग्न होऊन आल्यावर सून पहिल्यांदा खोकली, तेव्हा सासूबाई हसून म्हणाल्या होत्या, "झालीस बाई आमची! या घरात जो खोकत नाही तो पाहुणा."

सासूबाई आता नव्हत्या. थंडी सुरू होताना त्या दवाखान्यात जाऊन फ्लूची लस घेऊन आल्या होत्या, वय झालेल्यांना देतात ती. आपल्या पायांनी गेल्या, येताना भाजी घेऊन आल्या. आठवडा उलटायच्या आत न्यूमोनिया झाला, आणि मग भिंतीवर फोटो लागला. तेव्हापासून सासऱ्यांनी यंत्राच्या बटणाला हात लावला नव्हता. नवरा लोकांच्या घरी जाऊन सोफ्यांची कामं करत होता आणि संसार रेटत होता. म्हातारा मात्र एकच वस्तू शिवत बसला होता. हातभर लांबीची गादी, येणाऱ्या नातवंडासाठी. दोन टाके घालायचा, गादीला गाल लावून बघायचा, मान हलवायचा, टाके उसवायचा. "टोचायला नको," म्हणायचा आणि अलीकडे खोकायचाही.

सुनेला सातवा सरत आला होता.

दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला मागच्या खेपेला सांगितलं होतं, "डांग्या खोकल्याची लस घ्यायची तुझी वेळ झालीय. तू घेतलीस की ते बळ बाळाला पोटातच मिळतं. जन्मल्यावर पहिले काही आठवडे त्याला त्याची स्वतःची लस देता येत नाही. तेवढ्या दिवसांचा त्याचा आधार तूच. पलीकडच्या गल्लीत दोन पोरांना झालाय. एक तान्हं तर श्वास घेता घेता निळं पडलं होतं."

"माझ्या बाळाला काही होणार नाही ना त्यानं?"

"तुझा दंड दुखेल, एखादा दिवस अंग कणकणेल. बाळाला काही नाही. कितीतरी वर्षं देतोय आम्ही. घेतेस?"

तिथल्या तिथे हो म्हणाली असती तर ही गोष्टच झाली नसती. पण ती म्हणाली, "घरी विचारून सांगते." हे तीन शब्द बोलली आणि अडकली.

जेवताना तिनं विषय काढला. सासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"पोरी, मी नको म्हणणारा कोण? अंग तुझं, बाळ तुझं." त्यांनी ताट जरा लांब सरकवलं. "फक्त तिलाही त्यांनी हेच सांगितलं होतं. दंड दुखेल म्हणाले."

एवढंच बोलले आणि उठले. ताट तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशीही अर्धं राहिलं. ते चिडले नाहीत, अबोला धरला नाही. उलट बाजारातून तिच्यासाठी फळं घेऊन आले आणि सोलून वर पाठवली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त तोंड मायेनं दाबलेलं.

तिनं नवऱ्याला गाठलं.

"अहो, तुम्ही बोला ना बाबांशी."

"काय बोलू? बघतेस ना, अजून सावरले नाहीत ते."

"मग मी लस घेऊ नको?"

"असं कुठं म्हणालो मी?"

"घेऊ?"

"तसंही कुठं म्हणालो?"

"मग म्हणालात तरी काय?"

त्यानं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "चहा टाकतेस का, असं म्हणालो होतो मघाशी."

तिला हसू आलं आणि आपण हसलो याचाच राग आला. आईला फोन लावला तर आई म्हणाली, "घे की सरळ! पण सासऱ्यांना दुखवू नकोस हं." म्हणजे तिकडूनही अर्धीच सुटका.

खरी गोष्ट अशी, की भीती तिलाही वाटत होती. दुपारी पोटावर हात ठेवून ती पडायची आणि डोळ्यांसमोर भाजीची पिशवी घेऊन जिना चढणाऱ्या सासूबाई यायच्या. कूस बदलली की ते निळं पडलेलं तान्हं दिसायचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये बाळ लाथा मारतंय. सिस्टरनं सांगितलेले दिवस एक-एक करून जात होते.

एकदा तिनं ठरवलं, कुणाला न सांगता जाऊन यायचं. पिशवी घेतली आणि पायऱ्यांच्या कडेकडेनं उतरली. तरी शेवटची पायरी वाजलीच.

"कुठे निघालीस, पोरी?"

"दोरा आणायला."

सासऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं. "दोरा? गादीवाल्याच्या घरातून?" आणि त्यांना असं हसू फुटलं की हसण्याचा खोकला झाला, खोकल्यानं डोळ्यांत पाणी आलं, शेवटी ओट्याला धरून त्यांनी मोठ्यानं श्वास आत ओढला. मग खण उघडून सगळी रिळं तिच्यासमोर मांडली. "बोल, कुठला रंग?"

निळं रीळ घेऊन ती मुकाट्यानं वर आली.

पुढच्या तपासणीला सासरे बरोबर निघाले. पिशवीसुद्धा त्यांनीच धरली. रस्ता ओलांडताना एवढा मोठा माणूस हात आडवा करून गाड्या थांबवत होता. दवाखान्यात तिला आत बोलावलं आणि ते दाराबाहेरच्या बाकावर बसले.

सिस्टरनं वजन घेतलं, रक्तदाब बघितला. मग विचारलं, "काय, विचारलं का घरी?"

"घरचेच बाहेर बसलेत."

"बाहेर कोण बसलंय ते मी नाही विचारलं. तुझं काय ठरलं?"

ती काही बोलणार तेवढ्यात बाहेर सासऱ्यांना खोकल्याची उबळ आली. एकामागोमाग एक, मध्ये श्वास घ्यायला फट नाही, आणि शेवटी आत ओढलेल्या श्वासाची शिट्टीसारखी लांब ओढ. सुनेला त्यात नवीन काही नव्हतं. सिस्टर मात्र हातातलं काम सोडून ऐकत राहिली.

"कोण खोकतंय ते?"

"बाबा. कापसाचा खोकला आहे. आमच्याकडे सगळ्यांनाच असतो."

सिस्टर दार उघडून बाहेर गेली. मागोमाग सून.

"आजोबा, हा खोकला कधीपासून?"

"जन्मापासून म्हणा ना," सासरे डोळे पुसत म्हणाले. "गादीवाला आहे मी. ज्या दिवशी खोकणार नाही त्या दिवशी माणसं बोलवा."

"यंत्र रोज चालतं का?"

सासऱ्यांचा चेहरा उतरला. "नाही. ही गेली तेव्हापासून बंद आहे."

"मग कापूस उडतो कुठून?"

म्हाताऱ्यानं सुनेकडे बघितलं.

"मध्ये खोकला थांबला होता का?"

याचं उत्तर सुनेला माहीत होतं. यंत्र बंद झाल्यावर घर इतकं शांत झालं होतं की खालच्या घड्याळाची टिकटिक वर ऐकू यायची. मग पंधरवड्यापूर्वी सासरे परत खोकायला लागले होते. आणि तिला बरं वाटलं होतं! नवऱ्याला ती म्हणालीसुद्धा होती, "ऐकलंत? बाबा माणसात यायला लागले."

"थांबला होता," ती म्हणाली. "पंधरा दिवस झाले, पुन्हा आलाय. हा वेगळा आहे. शेवटी श्वास असा ओढतात."

सिस्टरनं सासऱ्यांच्या तोंडाला मास्क लावला, त्यांना बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसवलं आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी छाती तपासली, नाकातून काडी घालून नमुना घेतला. "तपासणीचं उत्तर यायला वेळ लागेल. पण खोकला डांग्याच वाटतोय, औषध आजच सुरू करू. घरातल्या बाकी दोघांनाही देतो. आणि आजोबा, औषध पुरं होईपर्यंत सुनेच्या जवळ जायचं नाही. बाळ झाल्यावर खोकणाऱ्या कुणीही बाळाजवळ जायचं नाही."

सासरे ऐकत होते की नव्हते कोण जाणे. सगळं सांगून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "हीपण खोकत होती. लस घ्यायच्या आधीपासून. मी म्हटलं, कापसाचाय."

त्यांनी सिस्टरकडे बघितलं.

"म्हणजे ते..."

"ते मला आता सांगता येणार नाही, आजोबा," सिस्टर म्हणाली. "पण फ्लूच्या लशीनं न्यूमोनिया होत नाही."

सुनेला वाटलं, झालं, आता बाबा स्वतःच म्हणतील, घे बाई ती लस. पण माणसाचं मन म्हणजे काही गादी नाही, एका बाजूनं उसवलं की लगेच दुसरा कापूस भरता येत नाही. बाकाच्या टोकावरून सासऱ्यांनी तिच्याकडे हात जोडले.

"पोरी, मी लांब राहतो. म्हणशील तेवढे दिवस. मित्राकडे जातो, कुठेही पडतो. बाळाचं तोंडसुद्धा बघणार नाही बरा होईपर्यंत. पण सुई नको. एक गेली, तुला काही झालं तर मी कुठे जाऊ?"

आयुष्यभर वीतभर दाभण घेऊन बसलेला माणूस एवढ्याशा सुईपुढे हात जोडत होता. सुनेला रडू आलं. नको म्हणावं आणि या माणसाला घेऊन घरी जावं असं क्षणभर वाटलं. घरी जाऊन काय होणार तेही दिसलं. तो जिना, ती पायरी, आणि खाली गाल लावलेली ती छोटी गादी.

"बाबा, तुम्ही लांब राहाल हो," ती म्हणाली. "पण तुम्हाला तरी कुठं माहीत होतं? मला तरी कुठं कळलं? उद्या बाळाला बघायला येणारा कोण काय घेऊन येईल ते त्यालाही माहीत नसेल. मी कुणाकुणाला लांब ठेवू?"

सासरे नकारार्थी मान हलवत राहिले. परवानगी काही मिळाली नाही, आणि मिळणार नाही हेही तिला कळलं. ती आत गेली. स्टुलावर बसली, ब्लाउजची बाही वर सरकवली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "द्या. लवकर द्या."

दार उघडंच होतं. बाहेर सासऱ्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते.

घरी आल्यावर सासऱ्यांचा मुक्काम खाली कारखान्यात हलला. "गादीवाल्याला झोपायला जागेची काय कमी?" नवरा म्हणाला, पण कुणी हसलं नाही. वर सून, खाली सासरे आणि मध्ये जिना. आता तर वाट पुरतीच बंद. सासऱ्यांनी तोड काढली. कापूस झोडायच्या जुन्या काठीनं ते खालून छताला एकदा ठोकायचे. म्हणजे, बरी आहेस का? सून वर पाय आपटायची. म्हणजे, बरी आहे. पहिल्या संध्याकाळी इतकं ठोकलं की नवरा म्हणाला, "बाबा, छत पडून सगळेच जातील."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा डोळा लागला. काठी वाजलेली तिला ऐकूच आली नाही. जाग आली ती हाकेनं.

"सूनबाई!"

असा आवाज तिनं एकदाच ऐकला होता, सासूबाई गेल्या तेव्हा. पोट सावरत ती जिन्याच्या तोंडाशी आली. सासरे मधल्या पायरीवर उभे होते, तोंडाला मास्क, एका हातात काठी, दुसरा कठड्याला. वर येता येत नव्हतं, खाली जाववत नव्हतं.

"झोपले होते हो, बाबा. आहे मी."

"दंड?"

"दुखतोय." त्यांचे डोळे बघून तिनं घाईनं जोडलं, "दुखणारच म्हणाल्या होत्या. तेवढंच आहे."

"अंग गरम?"

"काल होतं थोडं. आज नाही."

"बाळ?"

"लाथा मारतंय. तुमच्या काठीला उत्तर देतंय बहुतेक."

सासरे तिथेच पायरीवर बसले आणि त्यांना उबळ आली. कोपरात तोंड खुपसून ते खोकत राहिले. पाठ चोळायला सुनेचा पाय आपोआप एक पायरी उतरला, आणि तिनं तो परत वर घेतला. खोकला सरेपर्यंत ती कठडा धरून उभी राहिली. मधल्या त्या चार पायऱ्यांहून लांब असं काही तिनं कधी बघितलं नव्हतं.

श्वास जागेवर आल्यावर ते वर न बघता म्हणाले, "ती म्हणायची, खोकत नाही तो पाहुणा."

"बाळ राहू दे ना पाहुणाच," सून म्हणाली. "खोकायला आपण आहोत की."

त्यांनी मान हलवली. हो की नाही ते मास्कमुळे कळलं नाही.

"उद्या पुन्हा विचारू?"

"विचारा. रोज विचारा."

कठडा धरून ते एक-एक पायरी खाली उतरले. सून तिथेच उभी राहिली. थोड्या वेळानं खालून काठी वाजली. आत्ताच तर बघून गेला होता माणूस. तिनं डोळे पुसले आणि पाय आपटला.