खिळ्यावरचा बिल्ला

चिंचवडच्या एका कारखान्यातील हत्यारखान्याची खिडकी हरिहरपंतांनी अकरा वर्षे सांभाळली. कामगाराने आपल्या नंबराचा पितळी बिल्ला द्यावा, पंतांनी तो खिळ्याला अडकवून हत्यार द्यावे. हत्यार परतले की बिल्ला परत. हा नेम ते संध्येइतक्याच निष्ठेने पाळीत. मोडला तो एकदाच, चौऱ्याहत्तर साली. बिल्ला घरी विसरलेल्या सयाजी फिटरला त्यांनी नुसत्या शब्दावर धातू खरवडायचा तिकोनी स्क्रॅपर दिला आणि खिळ्याला स्वतःचा बिल्ला अडकवला.

त्याच दुपारी, पाळी सुटताना, युनियनचे पुढारी ज्योतीराम गेटसभेत बोलायला उभे राहिले. गर्दीतून सयाजी पुढे झाला. पंत चार हातांवर होते. त्यांनी ती तीन धारांची पोलादी पात ओळखली, आणि ज्योतीराम कोसळले.

फौजदारापुढे सयाजीचे नाव पंतांनी न डगमगता घेतले. हत्यार कोणते, हा प्रश्न आला तेव्हा मात्र जीभ अडखळली. स्क्रॅपर म्हटले की चौकशी थेट आपल्या बिल्ल्यापर्यंत येणार होती.

"सुरा," ते म्हणाले.

दुसऱ्या सकाळी त्यांनी बिल्ला खिळ्यावरून काढून घेतला. पोलिसांनी सयाजीच्या घरातला सुरा जप्त केला. स्क्रॅपर पवनेच्या डोहात गेला असावा. तो कधीच सापडला नाही.

खटल्यात डॉक्टरांनी सांगितले, जखम तिकोनी आहे, या सुऱ्याची नव्हे. बाकी साऱ्यांनी काहीच पाहिले नव्हते. उरले पंत. समोर ज्योतीरामांच्या पत्नी दुर्गाबाई बसल्या होत्या. त्यांना पाहून पंतांना राहवेना. शपथेवर त्यांनी सारे सांगितले: स्क्रॅपर, बिल्ला, आपले भय.

आरोपीचे वकील शांतपणे म्हणाले, "तेव्हा सुरा, डॉक्टरांचा अहवाल आल्यावर स्क्रॅपर. हरिहरपंत, अहवालात गोळी निघाली असती तर?"

कोणीतरी हसले. बिल्ल्याची खूण मागितली गेली, तर ती पंतांनीच पुसली होती. संशयाचा फायदा सयाजीला मिळाला.

बाहेर दुर्गाबाई थांबल्या होत्या. "हे तवाच का न्हाई सांगितलं, पंत?" एवढेच त्यांनी विचारले.

महिन्याभराने सयाजी कामावर रुजू झाला आणि खिडकीपाशी आला.

"तिकोनी स्क्रॅपर द्या, पंत. या खेपेला बिल्ला हाय."

पंतांनी बिल्ला खिळ्याला अडकवला. फळीवरचा स्क्रॅपर घेऊन, रिवाजाप्रमाणे मूठ त्याच्याकडे आणि टोक स्वतःकडे करून, खिडकीतून पुढे धरला.