भाऊजी आरपार

नेरच्या नृत्यस्पर्धेत संघर्षला एआयने बनवलेला एक व्हिडिओ जसाच्या तसा नाचून दाखवायचा होता. व्हिडिओत दोन गडी दोन टोकांकडून धावत येतात, एकमेकांच्या अंगातून धुरासारखे आरपार जातात आणि पलीकडे ठेका न चुकता नाचत राहतात. जाताना एकाची मिशी दुसऱ्याला चिकटते, पण तेवढ्यावरून कोणी पोलिसांत जात नाही.

दुसरा गडी म्हणून त्याने बायकोच्या भावाला, अश्वजितला, धरलं. विचारलं नाही. जावई विचारत नसतात.

"सर, माणूस माणसातून जाईन कसा?" अश्वजितने नाच बसवणाऱ्या धावजीसरांना विचारलं.

"टायमिंग," सर म्हणाले.

संघर्षने सरळ यायचं, अश्वजितने ऐन वेळी अंग चोरायचं, असं ठरलं. सरावात एकदा त्याचा खांदा जावयाच्या हनुवटीला लागला. दुसऱ्या दिवशी अश्वजितच्या बहिणीचा, रुपालीचा, ओठ फुटलेला. "मोरीत घसरली," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून ती त्या मोरीत घसरतच होती. मग अश्वजित इतकं अंग चोरू लागला की थेट भिंतीवर आदळायचा. समोरचा एक दात गेला. सर खूश. "लय नॅचरल!"

स्पर्धेच्या आठवड्यात रुपाली मनगटाला प्लास्टर घालून माहेरी आली. वडिलांनी, बाबारावांनी, तिची पिशवी दाराशीच ठेवायला लावली. "जवाई हाये, हात उचलते एखांद्या वेळी. कार्यक्रम झाला का नेईन तो तुले."

म्हणून ती पिशवी मांडीवर घेऊनच पहिल्या रांगेत बसली, बाबारावांच्या शेजारी.

पडद्यामागे संघर्षने अश्वजितच्या मानेवर चापट मारली. "साल्या, नीट सरक. नाहीतर तुही बहीण येणारच हाये घरी."

"हो, भाऊजी."

गाणं लागलं. दोघं धावले. अश्वजितला पहिल्या रांगेतलं पांढरं प्लास्टर दिसलं. त्याने अंग चोरलं नाही. कपाळ तेवढं पुढे काढलं.

देवळात नारळ फुटावा तसा आवाज झाला. संघर्षचं नाक गालावर राहायला गेलं. तो गुडघ्यांवर आला, शिवी शोधू लागला, तेवढ्यात अश्वजितने ठेका धरून गुडघा उचलला आणि त्याचा जबडा जागचा हलवला. दात उडून परीक्षकांच्या पाण्याच्या ग्लासात पडला. परीक्षकांनी ग्लास उजेडात धरून पाहिला. "काय इफेक्ट आहे!" ते म्हणाले आणि गुण वाढवले.

संघर्ष फळ्यांवर आडवा, तोंडातून रक्ताचे बुडबुडे.

"वन्समोर!"

रुपाली उभी होती. पिशवी तिने पायाने खुर्चीखाली सारली होती.

"खाली बस पोरी, जवाई हाये तो!" बाबारावांनी तिचा पदर ओढला.

"वन्समोर!" ती आणखी जोरात ओरडली. मग अख्खा मांडव ओरडू लागला.

अश्वजितने डोळ्यांवर ओघळलेलं स्वतःचं रक्त पुसलं. अदबीने वाकला, जावयाच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं, सदरा झटकून दिला.

"उठा, भाऊजी. लोकायचं मन मोडू नये."

आणि तो आपल्या टोकाला जाऊन उभा राहिला.