पाठीखालचा हात

"खाली उतर आधी."

"अगं, दोन मिनिटं. इथून तिथपर्यंत किती भरतं ते बघू दे."

सकाळचे सहा वाजले होते आणि डिंकी स्वयंपाकघरात स्टुलावर उभी राहून भिंत मोजत होती. हातात तिची लोखंडी पट्टी, कानामागे पेन्सिल, आणि तोंडाने काहीतरी गुणगुणणं चाललेलं. पाणीबाई दारात उभी होती. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर एक पांढरी गोळी.

"पिवळा द्यायचा," डिंकी भिंतीलाच सांगितल्यासारखी म्हणाली. "ही भिंत बघून बघून वीट आला मला. दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. आज दुपारी रंग आणते."

"आजच?"

"मग काय, पुढच्या वर्षी?"

जमेल तितक्या सहज आवाजात पाणीबाईने विचारलं, "झोप झाली ना नीट?"

गुणगुणणं थांबलं. दिव्याची वात कुणी खाली करावी तसा डिंकीचा चेहरा उतरला. ती स्टुलावरून खाली आली, गोळी घेतली, पाणी प्यायली आणि विचारायच्या आधीच जीभ बाहेर काढून दाखवली.

"झाली. सात तास. लिहून ठेव."

डिंकी आंघोळीला गेल्यावर पाणीबाईने कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक ठिपके दिले. एका तासाला एक. मग जरा थांबून एक ठिपका खोडला. सात तास कसे होतील? मध्ये एकदा हिने कूस बदलली होती.

सव्वीस वर्षं तलावावर मुलांना पोहायला शिकवता शिकवता तिचं नाव पाणीबाई पडलं होतं. मुलं तोंडावर तेच म्हणत, त्यांचे आईबापही तेच म्हणत. डिंकी वाचनालयाच्या तळघरात फाटकी पुस्तकं बांधायची. बोटांना, केसांना, उशीलासुद्धा डिंकाचा वास, म्हणून डिंकी. हे नाव पाणीबाईनेच ठेवलेलं, एकवीस वर्षांपूर्वी, दोघींनी मिळून हे दोन खोल्यांचं घर आणि एक पलंग घेतला तेव्हा. शेजारी त्यांना 'त्या दोघी' म्हणत. कुणी बहिणी समजे, कुणाला खरं ते समजे, आणि कुणी समजूनही न समजल्यासारखं करी. त्याचा त्रास दोघींनी कधीच करून घेतला नाही.

त्रास झाला तो चार वर्षांपूर्वी. तेव्हाही सुरुवात अशीच झाली होती, गाण्याने. डिंकी पहाटे उठून गाऊ लागली आणि पाणीबाई वेड्यासारखी खूश झाली. मग डिंकी पहाटे उठेनाशी झाली, कारण ती झोपेनाशीच झाली. वाचनालयातून चाळीस पुस्तकं घरी आली. सगळ्यांच्या शिवणी उसवलेल्या, पानं पलंगावर, मोरीत, जिन्यात. पुस्तकबांधणीच्या कापडाचे अकरा ताके आले. आणि एका सकाळी सगळं एकदम थांबलं. त्यानंतर सात महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. त्यातल्या एका दुपारी पाणीबाई योगायोगाने लवकर घरी आली, म्हणून डिंकी वाचली. त्या दुपारबद्दल दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

दवाखान्यात डिंकीची थोरली बहीण आली होती. तिने पाणीबाईला खालपासून वरपर्यंत न्याहाळून विचारलं होतं, "तुम्ही नक्की कोण लागता हिच्या?"

एकवीस वर्षांत, तेव्हाच्या सतरा वर्षांत म्हणा, या प्रश्नाचं उत्तर पाणीबाईने कधी तयार केलं नव्हतं. तिच्या हातात तेव्हा नुकतीच नर्सने दिलेली गोळ्यांची डबी होती. ती म्हणाली, "मी तिला गोळ्या देते."

ते उत्तर मग तिने सोडलंच नाही. डबी तिच्या पोहण्याच्या पिशवीत, टॉवेलच्या घडीत असायची. सकाळी एक, रात्री आठला एक. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी दोघींसमोर सांगितलं, "आता गोळ्या यांच्या यांना घेऊ द्या. दोन वर्षं छान चाललंय." डिंकीने पाणीबाईकडे पाहिलं. पाणीबाई म्हणाली, "बघू." महिना झाला, ती अजून बघतच होती.

दहा वाजता तलावावर पोचताच तिने डिंकीला फोन लावला. उचलला नाही. डिंकी शिवणीला बसली की फोन उचलत नसे, हे तिला ठाऊक होतं. तरी पुन्हा लावला.

"घरी सगळं ठीक ना?" गेटवरच्या काकांनी विचारलं. "चेहरा उतरलाय. तुमच्या त्या... बहीण बऱ्या आहेत ना?"

"बहीण नाही हो काका ती."

"हां, हां, तेच म्हणतोय मी," काका घाईघाईने म्हणाले. "बऱ्या आहेत ना?"

दहाची तुकडी म्हणजे सहा-सात वर्षांची नऊ पोरं, आणि नवव्या क्रमांकावर प्रश्नपेटी. ही मुलगी पाण्यात पाय घालायच्या आधी पाच प्रश्न विचारायची.

"पाणीबाई, माणूस दगडापेक्षा जड असतो का?"

"असतो."

"मग दगड का बुडतो?"

"कारण तो हट्टी असतो. अंग सैल सोडत नाही. तू सोडणार ना?"

"तुमचा हात असेल तर."

पाण्यावर तरंगायला शिकवणं म्हणजे मुळात मुलाचा विश्वास बसवणं. पाणी आपलं काम करतंच. पाणीबाईची रीत ठरलेली होती. मुलाला उताणं झोपवायचं, कान पाण्यात जाऊ द्यायचे, आणि पाठीखाली तळवा ठेवायचा. आज पाच बोटं, चार दिवसांनी तीन, मग एक. पुढचे नियम दोनच. मूल स्वतःच्या तोंडाने "सोडा आता" म्हणेपर्यंत हात काढायचा नाही. आणि त्याने "सोडा" म्हटलं की ठेवायचा नाही. नव्या शिक्षकांना ती सांगायची, "पहिला नियम कुणीही पाळतं. दुसऱ्याला छाती लागते."

प्रश्नपेटी दोन बोटांवर आली होती. डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून पाण्यावर पसरली होती. काठावरच्या पिशवीत फोन वाजला.

पाणीबाईची मान वळली. फक्त मान. निदान तिला तसं वाटलं. पण मानेबरोबर खांदा गेला, खांद्याबरोबर हात, आणि पाण्यात "गुडुप" असा आवाज झाला.

अर्धा क्षण गेला असेल. तिने पोरीला उचलून छातीशी धरलं तेव्हा पोरगी खोकत होती, नाकातून पाणी येत होतं. बाकीची आठ पोरं काठाला धरून बघत होती. फोन वाजून वाजून थांबला.

"तुम्ही सोडलंत," खोकला थांबल्यावर प्रश्नपेटी म्हणाली. ती रडत नव्हती, तेच पाणीबाईला जास्त लागलं. "मी म्हटलं नव्हतं सोडा."

"नव्हतं म्हटलंस. चूक माझी."

"मग का सोडलंत?"

सव्वीस वर्षांत तिच्याकडून हे पहिल्यांदा झालं होतं. ती म्हणाली, "माझं लक्ष दुसरीकडे होतं."

"कुठे?"

"घरी."

प्रश्नपेटीने थोडा विचार केला. "घरी कोण बुडतंय?"

फोन बघावा म्हणून पाणीबाईची बोटं नुसती वळवळत होती. पण मूल घाबरलेलं असताना पाण्याबाहेर जाऊ दिलं, तर ते परत येत नाही. तिने पुन्हा पूर्ण तळवा पाठीखाली ठेवला. दहा मिनिटं दोघी तशाच राहिल्या. शेवटी पोरीचे खांदे सैल पडले.

"आज सगळी बोटं ठेवा," ती डोळे मिटून म्हणाली. "उद्या एक. मग बघू."

तास संपल्यावर पाणीबाईने फोन पाहिला. डिंकीचा होता. तिने उलट लावला, तो वाजत राहिला. केस न पुसताच ती वाचनालयाकडे निघाली. तळघराच्या दाराला कुलूप होतं. टेबलाशी एक नवीन कारकून होता.

"त्या अकरालाच गेल्या. अर्धी रजा टाकून."

"काही म्हणाल्या?"

"नाही. खुशीत दिसल्या. गाणं म्हणत जिना चढल्या." त्याने तिच्या गळणाऱ्या केसांकडे पाहिलं. "आपण त्यांच्या कोण?"

"घरची," पाणीबाई म्हणाली आणि बाहेर पडली.

घर वीस मिनिटांवर होतं. पहिली पाच मिनिटं ती चालली, मग धावली. बावन्न वर्षांची बाई ओल्या केसांनी, खांद्यावर पिशवी आपटत रस्त्याने धावते आहे, लोक वळून बघत होते. तिच्या डोळ्यांसमोर ती जुनी दुपार होती. तेच दार, तोच जिना. चावी कुलपात नीट बसेना. मग कळलं, दार उघडंच आहे.

डिंकी स्टुलावर उभी होती. खाली जुनी वर्तमानपत्रं पसरलेली. भिंतीवर तळहाताएवढे चार पिवळे चौकोन, प्रत्येकाखाली पेन्सिलीने आकडा.

"आलीस? फोन केला होता मी. दोन नंबर घ्यायचा की तीन? तीन जरा..." ती वळली आणि थांबली. "काय झालं?"

पाणीबाई तिच्या डोळ्यांकडे बघत होती. मग हातांकडे. मग स्टुलापाशी ठेवलेल्या बाटल्यांकडे.

"चार?"

"नमुने आहेत. चार छोट्या बाटल्या. अकरा ताके नाहीत, मोज हवं तर." डिंकी खाली उतरली. ब्रश तिने नीट कागदावर ठेवला. "अर्धी रजा रीतसर टाकलीय. सकाळी पाच पुस्तकं पुरी करून दाबाखाली ठेवलीत. जेवले आहे. अजून काय विचारायचंय?"

"मी काही विचारलं नाही."

"तू दिवसभर विचारतच असतेस गं. तोंड मिटून विचारतेस. मी हसले की तू कपाळाला हात लावून ताप बघायला येतेस. आणि ते ठिपके! मला काय दिसत नाहीत? आज एक खोडलास. सात तास झोपले होते मी, सात."

"कूस बदललीस तू."

"मग तू का जागी होतीस?"

पाणीबाई खुर्चीवर बसली. केसांतलं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं.

"आज एक पोर बुडालं माझ्या हातातून."

"काय?"

"बरी आहे पोरगी. अर्धा क्षण. तुझा फोन वाजला आणि माझा हात सुटला."

डिंकी आत गेली, कोरडा टॉवेल घेऊन आली आणि मागे उभी राहून तिचे केस पुसू लागली. बोटांना आज डिंकाऐवजी रंगाचा वास होता.

"ते परत येईलही," डिंकी तिच्या डोक्यावरून म्हणाली. "नाही येणार असं मी म्हणत नाही. आलं तर मला आधी कळेल, आणि तुला मी सांगेन. पण आज नुसतं पिवळं हवंय मला. त्याच्यामागे काही नाही. डबी दे माझी."

टॉवेल थांबला होता. पाणीबाईला वाटलं, द्यावी म्हणजे काय, कशी द्यावी? उद्या कुणी विचारलं, तुम्ही कोण लागता हिच्या, तर हातात काय असेल?

"आणि मी काय करू मग?" तिने विचारलं. आवाज तिला स्वतःलाच लहान मुलीसारखा वाटला.

"तू? तू दोन नंबर की तीन ते सांग. सकाळपासून तेवढंच विचारतेय मी तुला."

पाणीबाईने पिशवी उघडली. टॉवेलच्या घडीतून डबी काढली, थोडा वेळ मुठीत धरली, आणि स्टुलावर रंगाच्या बाटल्यांशेजारी ठेवली. डिंकीने ती लगेच उचलली नाही. आधी केस पुसून पुरे केले.

"तीन," पाणीबाई म्हणाली.

"तीन फार भडक आहे."

"मग विचारलंस कशाला?"

दोघींनाही हसू आलं, पण पाणीबाईचं लवकर संपलं.

रात्री जेवणं झाली. डिंकी बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसली आणि पाणीबाई भांडी घासायला उभी राहिली. घड्याळ पाठीमागच्या भिंतीवर होतं, वळल्याशिवाय दिसत नसे. कॅलेंडर मात्र समोरच होतं. पेन्सिल दोऱ्याला लटकत होती. आजच्या चौकोनातल्या ठिपक्यांवर कुणाच्या तरी अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला होता.

मागे घड्याळाचे टोल पडू लागले. आठ. ते वाजून गेले तरी डबीच्या झाकणाचा आवाज आला नाही. किंवा आला असेल, नळ चालू होता. पाणीबाईने नळ बंद केला. बाहेरच्या खोलीत पान उलटल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. तिची मान वळू बघत होती. तिने ती वळू दिली नाही.

ती तशीच उभी राहिली. बेसिनमध्ये साचलेल्या पाण्यात तिचा उजवा हात होता, तळवा वर करून, पृष्ठभागाच्या बोटभर खाली. त्यावर काहीच टेकलेलं नव्हतं.