पाच जिभांची वनस्पती

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर निळ्या कफनीतले बुवा एकेका रोग्याला पुढे बोलावत होते. एका रानफुलाच्या निळ्या पाकळ्या चुरगळून त्याच्या छातीवर चोळायच्या, "नीघ रोगा, नीघ!" असं ओरडायचं आणि पाकळ्या पेल्यातल्या पाण्यात टाकायच्या. बघता बघता निळ्याचं गुलाबी!

"उतरला रोग फुलात!"

टाळ्यांचा कडकडाट. पहिल्या रांगेतले आबा तर उभं राहून टाळ्या पिटत होते.

मागे उभी असलेली त्यांची मुलगी मात्र चरफडत होती. ती शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायची. आबांनी हृदयाच्या गोळ्या केराच्या टोपलीत टाकल्या होत्या आणि ते दोन्ही वेळा बुवांनी दिलेला त्याच रानफुलाच्या झुडपाचा पाला चघळत होते. जिना चढताना धाप लागायची, पण कबूल करतील तर ते आबा कसले!

बुवांनी एक पत्र्याची पाटी उंचावली. "वाचा! पेंटाग्लॉटिस सेम्परव्हायरेन्स! पाच जिभांची, सदा हिरवी! पाच जिभांनी सत्य सांगणारी! जो खाईल तोही सदा हिरवा! विज्ञानानं लॅटिनमध्ये घातलेलं लोटांगण आहे हे!"

ती चमकलीच. अक्षर तिचं होतं! शाळेच्या कुंपणाशी उगवलेल्या याच झुडपाजवळ तिनंच लावलेली ती पाटी बुवांनी उचलून आणली होती. म्हणून तर घरी आबा तिला ऐकवायचे, "तूच लिहून ठेवलंस ना, सदा हिरवी? मग आता का नाक मुरडतेस?"

आता तिला राहवेना. ती तरातरा मंचावर चढली.

"ये पोरी, काय दुखतंय?"

"मला काही नाही. आधी या खुर्चीचं बघू." तिनं पाकळ्या चुरगळल्या, खुर्चीच्या पाठीवर चोळल्या आणि पेल्यात टाकल्या. गुलाबी!

"अरेरे! खुर्चीलासुद्धा हृदयविकार!"

सभागृह खो खो हसलं. मग तिनं आबांना मंचावर बोलावलं आणि त्यांच्या छातीवर पाकळ्या चोळून आपल्या बाटलीतल्या पाण्यात टाकल्या. निळ्या त्या निळ्याच राहिल्या.

"तुझं पाणी अपवित्र आहे!" बुवा गरजले.

"मग तुमचं पवित्र पाणी पिऊन दाखवा."

बुवांनी पेला दूर सारला. आबांनीच पेला उचलून घोट घेतला आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. "शी! व्हिनेगर आहे हे!"

"आंबट पाण्यात या फुलाचा निळा रंग गुलाबी होतो," ती म्हणाली. "त्याचा रोगाशी काडीचा संबंध नाही. फुलाच्या गळ्याशी पाच बारीक पांढरे खवले असतात, त्या पाच जिभा. हिवाळ्यात पानं झडत नाहीत, म्हणून सदा हिरवी. नाव झाड ओळखायला ठेवतात, आबा. त्यात औषध शोधू नका."

"म्हणजे देठ हिरवा फक्त झाडाचा?"

"हो, फक्त झाडाचा!"

हशा ओसरेपर्यंत बुवा मागच्या दारानं सटकू पाहत होते, पण दाराशी उभ्या लोकांनी त्यांना पोलीस येईपर्यंत हलू दिलं नाही.

ती लोकांकडे वळली. "चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी प्रश्न विचारा. खरं असेल ते प्रश्नानं मोडत नाही."

आबा कॉलर सारखी करत मंचावरून उतरले. "मी निघालो डॉक्टरांकडे, बोलणी खायला. माझ्यासारखी आणखी कुणी औषधं फेकलीत? लाजू नका, सोबत चला."

पहिली अख्खी रांग मान खाली घालून उठली.